रात्रीचं बिल्ड लाल, सकाळी परत दाबलं की हिरवं : जेनकिन्सवाल्यांनो जरा बघा

उचगावकर | ३ जून, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं हापिस आहे, दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. म्हणजे गावातल्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ॲपमध्ये जातं, तिथनं सर्व्हरवर, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. करवीर, राधानगरी, भुदरगडातल्या संस्था वापरतात.

बिल्डसाठी हापिसातच एक मशीन आहे. उबुंटू सर्व्हर २२.०४, ८ जीबी रॅम, त्यावर जेनकिन्स (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर), एक्झिक्युटर दोन, म्हणजे एका वेळी दोन जॉब चालतात. जॉब पण दोनच, एक ग्रेडल या बिल्ड टूलचा (अँड्रॉइड ॲप आणि जावाचं बॅकएंड, सगळ्या टेस्ट यातच) आणि एक वेब पॅनलचा, एनपीएमवाला, म्हणजे नोडजेएसचा. दोन्ही रात्री २ ला सुटतात.

आता दुखणं असं की आठवड्यातनं बऱ्याच रात्री यातला एक तरी जॉब लाल, म्हणजे फेल, असतो. कधी हा, कधी तो. सकाळी येऊन कोडला हात न लावता ‘बिल्ड नाऊ’ दाबलं की हिरवा. लॉगच्या शेवटी ‘बिल्ड फेल्ड’ आणि ‘फिनिश्ड: फेल्युअर’ एवढंच. सर म्हणालेत रिट्राय लाव तीन वेळा आणि विषय संपव. मला ते पटेना, पण कारणही सापडेना. कुठनं सुरुवात करू?

बिल्डताई | ३ जून, रात्री १०:०५

शेवटच्या ओळी बघू नकोस, त्या फक्त निकाल सांगतात. वरनं खाली वाचत ये आणि पहिली एरर जिथं दिसेल तिथं थांब, पुढच्या बहुतेक एरर त्या पहिलीमुळंच पडलेल्या असतात. आणखी एक, लॉग मोठा असला की कन्सोल आउटपुट वरचा भाग गाळून दाखवतं, वर ‘स्किपिंग’ इतके केबी असं लिहून शेजारी ‘फुल लॉग’ची लिंक देतं. बरेच जण त्या अर्ध्या लॉगमध्येच तासन् तास शोधत बसतात आणि खरी एरर गाळलेल्या भागात असते. फुल लॉग उघड, दोन्ही जॉबचा, आणि इथं सांग की कुठल्या स्टेपला पडला, एक्झिट कोड (प्रोसेस संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) काय आणि किती वाजता.

शिरोलीचा_डेव्हऑप्स | ३ जून, रात्री १०:२२

सरांचं अगदीच चुकीचं नाही रे. रात्री नेटवर्क हललं, मेव्हन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या कोठारातनं एखादी लायब्ररी अर्धी आली, तर परत चालवणं हाच उपाय आहे. मी पण लावतो रिट्राय. माणसं चार, कामं चाळीस, प्रत्येक लाल बिल्डच्या मागं कोण लागणार?

टर्मिनल_तात्या | ३ जून, रात्री १०:५१

डाउनलोडच्या स्टेपला रिट्राय लाव, माझं काय बी म्हणणं नाही. अख्ख्या बिल्डला, त्यात टेस्टला, लावू नको. थर्मामीटर झटकून ताप उतरत नसतो. आज तीनदा चालवून हिरवं होईल, सहा महिन्यांनी पाचदा चालवावं लागेल, आणि तोवर टीममधल्या कुणाचाच त्या लाल रंगावर विश्वास उरलेला नसेल. मग खरोखरचा बग आला तरी पोरं ‘दाब परत’ म्हणून मोकळी होतात. मी हे लई हापिसात बघितलंय.

आणि भावा, तुझ्या पोस्टमध्येच एक धागा आहे. रात्री दोन्ही जॉब एकदम सुटतात, सकाळी तू एकच दाबतोस. यातच फरक आहे बघ.

उचगावकर | ४ जून, सकाळी ११:१५

ताई, फुल लॉग काढला. ग्रेडलच्या जॉबमध्ये कंपाइल चालू असताना मधेच ‘ग्रेडल बिल्ड डेमन डिसअपिअर्ड अनएक्सपेक्टेडली’, त्यापुढं ‘इट मे हॅव बीन किल्ड ऑर मे हॅव क्रॅश्ड’. वेब पॅनलवाला ज्या रात्री पडला त्या रात्री नुसतं ‘किल्ड’ आणि खाली ‘स्क्रिप्ट रिटर्न्ड एक्झिट कोड १३७’. कोडमधली म्हणावी अशी एकही एरर नाही.

टर्मिनल_तात्या | ४ जून, सकाळी ११:४०

सापडलं की. १२८ च्या वरचा एक्झिट कोड आला की बहुतेक वेळा प्रोसेस सिग्नलनं मेलेली असते, कोडमधनं १२८ वजा कर. १३७ वजा १२८, राहिले ९. सिग्नल ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेसला मरताना आवराआवर करायलाही सवड मिळत नाही, म्हणून लॉगमध्ये कारण सापडत नाही. आता हा सिगकिल पाठवला कुणी? कुणी माणूस रात्री २ ला बसून मारत नसणार, म्हणजे लिनक्सचा ओओएम किलर. मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुतेक करून सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतं. एखाद्या रात्री ते ग्रेडलचं डेमन (मागं चालत राहणारी प्रोसेस) असतं, एखाद्या रात्री नोड. म्हणून तुला कधी हा कधी तो दिसतो.

खात्री करून घे. सुडो लावून ‘डीमेसग -टी’ (टी कॅपिटल, यात कर्नलचे संदेश दिसतात) चालव आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ शोध. मशीन मधे रीस्टार्ट झालं असेल तर डीमेसगमध्ये जुनं मिळणार नाही, मग जर्नलसीटीएलमधनं कर्नलचा लॉग काढ.

कागलकर_नवीन | ४ जून, दुपारी १:०२

तात्या, मी शिकतोय अजून, बाकीच्या कोडचं पण सांगा की. आम्हाला १२७ येतो सारखा.

टर्मिनल_तात्या | ४ जून, दुपारी १:३०

१२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. तुझ्या टर्मिनलवर चालते आणि जेनकिन्समध्ये चालत नाही असं असेल तर पाथ (कमांड कुठं शोधायची ती यादी) बघ, जेनकिन्स स्वतःच्या युजरनं चालतं आणि तुझी बॅशआरसी (टर्मिनलची सेटिंग फाइल) वाचत नाही, त्यामुळं तू तिथं लिहिलेला नोडचा किंवा जावाचा पाथ त्याला ठाऊकच नसतो. १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही, विंडोजवरनं कमिट केलेल्या ग्रेडलडब्ल्यूला (ग्रेडल चालवणारी स्क्रिप्ट) हे हमखास होतं. १४३ म्हणजे सिगटर्म, कुणीतरी नीट सांगून थांबवलंय, बहुधा टाइमआउट नाहीतर कुणी ॲबॉर्ट दाबलंय. १३९ म्हणजे सेगफॉल्ट, प्रोसेस नको त्या मेमरीला हात लावून पडली. आणि १ आला तर त्यातनं काहीच कळत नाही, लॉग वाचावाच लागतो.

इचलकरंजी_जावा | ४ जून, दुपारी २:१०

रॅमच असेल असं वाटतंय मलाही, पण जाता जाता सांगतो, जेनकिन्स अपडेट केल्यावर एजंट (बिल्ड प्रत्यक्ष चालवणारं मशीन) जोडलाच जात नसेल तर जावा बघा. २०२२ च्या जूनमध्ये २.३५७ आलं तेव्हापासनं निदान जावा ११ लागायला लागलं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती) २.४७९.१ पासनं निदान १७. एजंटवर पण तेच हवं, नुसतं कंट्रोलरवर (जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरवर) टाकून भागत नाही. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणून एरर येते त्यात आकडा असतो, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. तुमचा प्रोजेक्ट जुन्या जावावर असला तरी चालतो, प्रोजेक्टचं जेडीके वेगळं देता येतं. आमच्याकडं दोन पोरं प्रोजेक्टचंच जावा बदलत बसली होती, त्याची गरजच नव्हती.

उचगावकर | ४ जून, संध्याकाळी ६:४८

तात्या, बरोबर निघालं! डीमेसगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ आणि पुढं जावा. ज्या रात्री वेबचा जॉब पडला तिथं जावाच्या जागी नोड. वेळ मात्र २०:४१ दाखवतंय, घड्याळ यूटीसीवर (आपल्याहून साडेपाच तास मागं) आहे वाटतं, म्हणजे आपल्याकडचे २:११, जुळतंय. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य आहे. ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ‘एक्सएमएक्स ४०९६एम’ (जावाची कमाल मेमरी) लिहिलंय, कुणी कधी वाढवलं माहीत नाही.

बिल्डताई | ४ जून, संध्याकाळी ७:२०

मग हिशेब मांडून बघ. ग्रेडलच्या डेमनला ४ जीबीपर्यंत मुभा. कोटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा) वापरत असशील तर त्याचं डेमन वेगळं जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) असतं आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ते ग्रेडलचीच मर्यादा उचलतं, म्हणजे आणखी ४. जेनकिन्स स्वतः एक जावा प्रोसेस, त्याला एक्सएमएक्स दिला नसेल तर जावा साधारण मशीनच्या रॅमच्या पाव भाग धरते, २ जीबी. झाले १०, मशीनवर आहेत ८. नोडचं वेबपॅक आणि टेस्टचे वर्कर अजून धरलेलेच नाहीत. सगळे एकाच वेळी मर्यादेपर्यंत जातात असं नाही, म्हणून एखादी रात्र सुटते आणि एखादी अडकते. तुला जे ‘कधी कधी’ वाटत होतं ते एवढंच आहे.

टर्मिनल_तात्या | ४ जून, रात्री ८:०५

८ जीबीवर दोन एक्झिक्युटर नकोतच. एक कर. दिवसा कुणाला ‘वेटिंग फॉर नेक्स्ट अव्हेलेबल एक्झिक्युटर’ दिसेल, थांबू दे थोडं. ग्रेडलचं २ जीबीवर आण, कोटलिनच्या डेमनला वेगळी मर्यादा दे, ४ जीबीची स्वॅप फाइल कर, स्वॅपनं बिल्ड मंद होईल पण पटकन मरणार नाही. आणि शेड्यूलमध्ये ‘० २’ लिहिलंयस तिथं शून्याच्या, म्हणजे मिनिटाच्या, जागी ‘एच’ लिही, मग जेनकिन्स जॉबच्या नावावरनं २ ते ३ च्या दरम्यान एक मिनिट ठरवतं आणि रोज तेच धरतं, सगळे जॉब एका ठोक्याला सुटत नाहीत. पण एचवर विसंबून दोन एक्झिक्युटर ठेवू नको, लांबलेले जॉब एकमेकांवर येतातच.

पन्हाळ्याचा_वारा | ४ जून, रात्री ९:३३

पाऊस तोंडावर आलाय म्हणून सांगतो, हापिसातल्या मशीनवर बिल्ड असेल तर यूपीएस लावाच. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं लाइट गेली ती नेमकी गिटचं चेकआउट (कोड उतरवून घेणं) चालू असताना, लाइट आल्यावर पुढचा प्रत्येक बिल्ड ‘इंडेक्स.लॉक’ फाइल आधीच आहे म्हणून फेल. वर्कस्पेसच्या (जॉबच्या कामाच्या फोल्डरच्या) डॉट गिट फोल्डरात ती फाइल पडून राहिलेली. दुसरं कुठलं गिट चालू नाही ना एवढं बघायचं आणि ती उडवायची, नाहीतर सरळ वर्कस्पेस पुसून टाकायचं.

शिरोलीचा_डेव्हऑप्स | ४ जून, रात्री १०:०१

डिस्क पण बघून घे उचगावकर. जागा १ जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स स्वतःच ते बिल्डचं मशीन (त्याच्या भाषेत नोड) ऑफलाइन टाकतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि लोक जेनकिन्स बंद पडलं म्हणत बसतात. आणि ‘डीएफ -एच’मध्ये जागा भरपूर दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं तर ‘डीएफ -आय’ चालव, आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) संपलेले असतात, नोड मॉड्यूल्सच्या बारीकसारीक फाइलींनी. ‘डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स’ लावलंयस का?

उचगावकर | ४ जून, रात्री १०:१८

लावलंय दादा, शेवटचे १० ठेवतो. डिस्क अर्धी रिकामी आहे, आयनोडही आहेत. तात्यांनी सांगितलं तसं सगळं करतो आणि थोडे दिवस बघून इथंच लिहितो.

उचगावकर | ११ जून, सकाळी १०:१०

एक्झिक्युटर एक, एक्सएमएक्स २ जीबी, स्वॅप ४ जीबी केलं. त्यानंतर सगळ्या रात्री हिरव्या, आणि आज परत लाल. ग्रेडलचा जॉब. पण या वेळी डीमेसगमध्ये काही नाही, एक टेस्ट पडलीय. नोंद घातल्यावर ती चालू बिलात दिसते का हे बघणारी टेस्ट आहे, म्हणते एक नोंद अपेक्षित, मिळाल्या शून्य. आत्ता परत दाबलं, हिरवं!

शिरोलीचा_डेव्हऑप्स | ११ जून, सकाळी १०:३५

फ्लेकी (कोड तोच, कधी पास कधी फेल) टेस्ट आहे रे ती. डेटाबेस उशिरा उठला असेल. इग्नोर टाक आणि एक तिकीट काढून ठेव.

बिल्डताई | ११ जून, सकाळी १०:५०

इग्नोर टाकू नकोस. एकच टेस्ट, नेमकी बिलाच्या कालावधीची, आणि आज तारीख ११. तुझंच पहिलं पोस्ट वाच, ११ ला नवीन बिल सुरू होतं. आधी कुठल्या कुठल्या तारखांना ही टेस्ट पडलीय ते शोध. जेनकिन्समध्ये १० च बिल्ड ठेवतोस म्हणजे तिथं इतिहास मिळणार नाही, पण फेल झाल्याचा मेल जात असेल ना?

उचगावकर | ११ जून, दुपारी १२:२०

जातो. मेलबॉक्समध्ये टेस्टचं नाव टाकून शोधलं आणि अंगावर काटा आला. १ जून. २१ मे. ११ मे. १ मे. २१ एप्रिल. मागं जाईल तसं तेच, १, ११, २१. दुसरी एकही तारीख नाही. मधे दोनेक जागा रिकाम्या आहेत, त्या रात्री मेमरीनंच आधी बिल्ड मेलेलं, टेस्टपर्यंत पोचलंच नव्हतं. इतके दिवस मेमरीच्या गोंधळात हे झाकून गेलं होतं.

टर्मिनल_तात्या | ११ जून, दुपारी १२:४५

आता तू वर टाकलेली वेळ आठव, २०:४१. मशीन यूटीसीवर आहे, उबुंटू सर्व्हर टाकताना कुणी झोन बदलला नाही तर ते यूटीसीवरच राहतं. पण बिल्ड तर आपल्या २ ला सुटतं. म्हणजे शेड्यूलच्या वर ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ अशी ओळ असणार. आहे?

उचगावकर | ११ जून, दुपारी १२:५२

आहे.

टर्मिनल_तात्या | ११ जून, दुपारी १:१५

मग झालं. ती ओळ फक्त बिल्ड कधी सोडायचं एवढंच ठरवते. आत चालणारी जावा मशीनचाच झोन धरते. आपल्या ११ तारखेच्या पहाटे २ ला यूटीसीमध्ये १० तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. तुमच्या बॅकएंडनं ‘लोकलडेट.नाऊ’ असं नुसतं विचारलं की त्याला १० तारीख मिळते, नोंद जाते १ ते १० च्या बिलात. टेस्टमध्ये मात्र कुणीतरी कोलकात्याच्या झोननं आजची तारीख काढून ११ ते २० च्या बिलात ती नोंद शोधलीय. मिळणार कशी? इतर रात्री पण तारीख एकानं मागंच असते, पण ५ च्या जागी ४ आली तरी बिल तेच, म्हणून टेस्ट सुटते. साडेपाच वाजून गेले की दोन्ही तारखा एक होतात, म्हणून सकाळी हापिसात येऊन दाबलं की हिरवं.

बिल्डताई | ११ जून, दुपारी १:३०

उचगावकर, दोन गोष्टी विचारते आणि दोन्हीची उत्तरं बघून दे, अंदाजानं नको. लाइव्ह सर्व्हर कुठल्या झोनवर आहे? आणि गावात सकाळचं संकलन किती वाजता सुरू होतं?

उचगावकर | ११ जून, दुपारी ३:४०

ताई, लाइव्ह सर्व्हर यूटीसीवरच आहे. आणि बऱ्याच गावात पाचलाच रांग लागते, पावणेपाचची पण एक संस्था आहे.

डेटाबेस बघितला. १, ११, २१ या तारखांना पहाटे साडेपाचच्या आत घातलेल्या दुधाच्या नोंदी मागच्या बिलात गेल्यात. रोजच्या नोंदींची तारीखही त्या वेळात एक दिवस मागची पडतेय, फक्त बिल तेच असल्यानं रकमेत फरक दिसत नव्हता. राधानगरीकडच्या एका सचिवांचा मधे फोन येऊन गेला होता, पाच-सहा सभासदांची पावती आणि बिल जुळेना म्हणून, तेव्हा नेट नसल्यानं नोंद उशिरा चढली असेल असं धरलं गेलं. पैसे कुणाचे बुडालेले नाहीत, पण ज्याच्या घरात दोन म्हशींवर सगळं चालतं तो माणूस पावती जपून ठेवतो आणि बिलाशी ताडून बघतो, त्याला आपण चुकीचा कागद दिला. आणि ही टेस्ट दर दहा दिवसांनी तेच सांगत होती.

शिरोलीचा_डेव्हऑप्स | ११ जून, संध्याकाळी ५:१२

मी इग्नोर टाक म्हणालो होतो ते मागं घेतो. आता सर्व्हरचा झोन बदल की सरळ, नाहीतर जावाला सुरू करताना ‘युझर.टाइमझोन’ दे. एका ओळीचं काम.

टर्मिनल_तात्या | ११ जून, संध्याकाळी ५:५०

आजची रात्र काढायला ठीक. पण उद्या सर्व्हर बदलला, कंटेनरमध्ये टाकला, की कंटेनर परत यूटीसीवर उठतो आणि हेच पुढं चालू. संकलनाची तारीख भारतातली असणार हा धंद्याचा नियम आहे, तो कोडमध्ये लिहिलेला पाहिजे, मशीनच्या सेटिंगवर सोडायचा नाही. जिथं जिथं ‘नाऊ’ आहे तिथं झोन दे, ‘एशिया/कोलकाता’. त्याहून बरं म्हणजे एक क्लॉक (कोडला वेळ सांगणारं ऑब्जेक्ट) बाहेरनं आत दे, आणि टेस्टमध्ये ‘क्लॉक.फिक्स्ड’ लावून ११ तारखेचे पहाटेचे ५ कायमचे गोठवून ठेव. मग ती टेस्ट दुपारी चालव नाहीतर रात्री, २९ तारखेला चालव नाहीतर ११ ला, उत्तर एकच. ३१ ची रात्र ते १ ची पहाट आणि फेब्रुवारीची अखेर यांच्या पण टेस्ट घाल.

आणि बिल्डची वेळ २ वरनं सहावर नेऊ नको. तसं केलं असतं तर टेस्ट हिरवी झाली असती आणि बग तसाच राहिला असता.

बिल्डताई | ११ जून, संध्याकाळी ६:३०

जुन्या नोंदींचं. डेटाबेसमध्ये नोंदीची नेमकी वेळ यूटीसीमध्ये असेल तर तिच्यावरनं भारतातली तारीख परत काढता येते, माहिती कुठं गेलेली नाही. पण वाटप झालेल्या बिलांना हात लावू नकोस. यादी काढ, संस्थेच्या सचिवांना दाखव, त्यांच्या संमतीनं पुढच्या बिलात फरकाची ओळ घाल. त्यांनी फोन केला होता त्यांना तू स्वतः फोन कर.

कागलकर_नवीन | १२ जून, सकाळी ९:४५

हे वाचून आमच्याकडं पण बघितलं, आमचं उलटंच आहे. बिल्ड कायम हिरवं, पण कधी कधी जुनीच फाइल डिप्लॉय होते. शेल स्टेपमध्ये ‘एनपीएम रन बिल्ड’ आणि पुढं पाइप करून (आउटपुट पुढच्या कमांडला देऊन) ‘टी’ कमांडनं लॉग फाइलमध्ये लिहितो, एवढंच आहे.

बिल्डताई | १२ जून, सकाळी १०:२०

तोच पाइप. पाइप असला की शेल शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरतं, आणि ‘टी’चं काम लिहायचं, ते नीट झालं की शून्य. तुझं बिल्ड मेलं तरी जेनकिन्सला शून्यच मिळतो, मग पुढची स्टेप कालची फाइल उचलून डिप्लॉय करते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश सांग आणि खाली ‘सेट -ईओ पाइपफेल’ लिही, म्हणजे पाइपमधलं काहीही पडलं तरी स्टेप पडते. बॅश मुद्दाम सांगायचं, कारण उबुंटूवर साधं ‘एसएच’ म्हणजे डॅश हे वेगळं शेल असतं आणि २२.०४ वरच्या डॅशला पाइपफेल कळत नाही. नाहीतर पाइपच काढून टाक, जेनकिन्स लॉग ठेवतंच की. आणि बिल्डच्या आधी जुनं डिस्ट फोल्डर (बिल्डच्या तयार फाइली असतात ते) पुसत जा, म्हणजे चुकूनही जुनं जाणार नाही.

इचलकरंजी_जावा | १२ जून, दुपारी १२:०५

एनपीएमचा विषय निघालाच आहे तर, सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते लॉक फाइलप्रमाणेच (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) घेतं आणि लॉक फाइल पॅकेज.जेसनशी जुळत नसेल तर तिथंच थांबतं. काल चाललं आज नाही, कोड तोच, या तक्रारीत बऱ्याचदा मधल्या मधे एखादी लायब्ररी बदललेली असते.

कागलकर_नवीन | १२ जून, दुपारी ४:३०

पाइपफेल टाकलं आणि लगेच लाल झालं. कधीपासनं फेल होत होतं देव जाणे. धन्यवाद ताई.

उचगावकर | २१ जून, सकाळी ९:०५

रात्रीचं बिल्ड हिरवं, आज २१ असून. झोन कोडमध्ये घातला, क्लॉक बाहेरनं दिला, तात्यांनी सांगितलेल्या तारखांच्या टेस्ट घातल्या, आणि नव्या कोडशिवाय त्या टेस्ट आधी लाल होतात हेही बघून घेतलं. लाइव्हवर गेल्या आठवड्यातच गेलं, आज पहाटे पाचच्या नोंदी नवीन बिलात बसलेल्या डोळ्यांनी बघितल्या.

राधानगरीच्या सचिवांना फोन केला. त्यांनी सभासदांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, आमच्या यादीशी सगळ्या जुळल्या. या बिलात फरकाची ओळ जाईल. बाकी संस्थांच्या याद्या काढतोय.

सरांना धागा वाचायला दिला. रिट्राय आता फक्त लायब्ररी उतरवायच्या स्टेपला आहे, आणि ‘डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स’ १० वरनं ९० दिवसांवर नेलंय, आर्टिफॅक्ट (बिल्डमधनं तयार झालेल्या फाइली) मात्र थोडेच ठेवतो.

पन्हाळ्याचा_वारा | २१ जून, सकाळी ९:४०

भारी काम झालं. यूपीएस लावलास का?

उचगावकर | २१ जून, सकाळी ९:५२

कोटेशन आलंय, या आठवड्यात बसेल. ‘एनयूटी’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून बॅटरी उतरली की मशीन नीट बंद होईल असं करायचंय, कुणी केलं असेल तर सांगा.

शिरोलीचा_डेव्हऑप्स | २१ जून, सकाळी १०:१५

आमच्याकडं आहे. यूपीएस यूएसबीवाला घे, नुसता पॉवरवाला घेतलास तर मशीनला कळणारच नाही बॅटरी किती राहिली ते. कॉन्फिग फाइल संध्याकाळी टाकतो.